निर्व्यसनी पाहिजे

'औषधनिर्मितीच्या कामासाठी होतकरू, प्रामाणिक व निर्व्यसनी तरुण पाहिजे.' या आशयाची जाहिरात आपल्यापैकी बहुतेकांनी केव्हा ना केव्हा दिलेली आहे. आम्हीही दिली आहे. होतकरू कोणास म्हणावे हे मुलाखतीत कळत नाही. प्रामाणिकपणा तर वर्षभर सोबत काम केल्यावाचून समजत नाही. 'निर्व्यसनी' हा शब्द मात्र आपण तत्काळ अमलात आणतो. उमेदवाराच्या बोटांवरचा पिवळा डाग, दातांवरचा काळसर थर, कपड्यांना येणारा विडीचा वास एवढे जाणवले की मुलाखत संपते. वैद्याच्या दारात हे शोभूनच दिसते, असे आपण धरून चालतो. या धरून चालण्याविषयीच प्रस्तुत लेखात काही विचार मांडावयाचे आहेत.

निमित्त आमच्याच दारात घडले. काही वर्षांपूर्वी आमच्या लहानशा फार्मसीत चूर्ण विभागासाठी चाळिशीचा एक गृहस्थ आला. वनौषधींची त्याची ओळख उत्तम होती. अशोकाची खरी साल आणि बाजारात तिच्या नावाने खपणारी दुसरीच साल त्याने नुसती हातात घेऊन, मोडून, हुंगून वेगळी करून दाखविली. खिशात विडीचे बंडल दिसले म्हणून आम्ही त्याला सौजन्याने परत पाठविले. दोन महिन्यांनी तोच गृहस्थ आमच्या चिकित्सालयाच्या बाकावर रुग्ण म्हणून बसलेला आढळला. खोकला होता, झोप नव्हती आणि हाताला काम नव्हते. 'विडी सुटत नाही, काही औषध द्या,' एवढेच तो म्हणाला. ज्या कारणासाठी आम्ही त्याला एका दाराने घालविले होते, त्याच कारणासाठी दुसऱ्या दाराने आत घेतले, आणि त्याबद्दल तपासणीचे शुल्कही घेतले. त्या दिवसापासून 'निर्व्यसनी' हा शब्द आमच्या मनास टोचत राहिला आहे.

प्रश्न असा आहे : जो मनुष्य कामाच्या जागी नियम पाळतो, परंतु आपल्या घरी, आपल्या वेळात विडी-सिगारेट ओढतो, त्याला केवळ तेवढ्या कारणावरून नोकरी नाकारण्याचा मालकाला अधिकार आहे काय? असल्यास त्या अधिकाराला मर्यादा कोणती? या प्रश्नाचा कायद्याच्या अंगाने सर्वांत सविस्तर ऊहापोह अमेरिकेत झालेला आहे. तेथील अनुभव आपणांस जसाच्या तसा लागू पडत नाही. पण त्यातून मर्यादा नेमकी कोठे आखता येते हे स्पष्ट दिसते. म्हणून प्रथम त्याकडे वळू.

अमेरिकेतील वाद

माँटाना राज्य वगळता अमेरिकेत खासगी नोकरीचा मूळ नियम असा की, कराराने किंवा कायद्याने बंधन घातलेले नसेल तर मालक कोणत्याही कारणाने, किंबहुना कारण न देताही, नोकरी नाकारू शकतो वा संपवू शकतो. वंश, वर्ण, धर्म, लिंग, राष्ट्रीयत्व, वय आणि अपंगत्व या कारणांवरून भेदभाव करण्यास मध्यवर्ती कायद्यांनी बंदी आहे. धूम्रपान या यादीत नाही.

या पार्श्वभूमीवर दोन खटले उद्बोधक आहेत. पहिला ओक्लाहोमा सिटी येथील अग्निशमन दलाचा. प्रशिक्षणार्थींनी पहिले वर्षभर कामावर असताना किंवा नसतानाही धूम्रपान करू नये, असा तेथे नियम होता. एका प्रशिक्षणार्थीने जेवणाच्या सुटीत सिगारेटचे दोन-तीन झुरके घेतले आणि त्याच दिवशी त्याची नोकरी गेली. १९८७ मध्ये संघराज्याच्या अपील न्यायालयाने ही कारवाई ग्राह्य धरली. आग विझविणाऱ्याची फुप्फुसे व हृदय निरोगी असावे ही अपेक्षा कामाशी थेट निगडित आहे, असा त्यामागील विचार होता. निर्णय कठोर वाटला तरी त्यातील कार्यकारणभाव समजण्यासारखा आहे.

दुसरा खटला फ्लॉरिडा राज्यातील नॉर्थ मियामी या शहराचा. शहराच्या प्रशासनाने १९९० मध्ये नियम केला की, मागील एक वर्षात तंबाखूचे सेवन केलेले नाही असे प्रतिज्ञापत्र प्रत्येक उमेदवाराने द्यावे. टंकलेखनाच्या जागेसाठी अर्ज करणाऱ्या एका महिलेने आपण धूम्रपान करतो असे खरे सांगितले आणि ती अपात्र ठरली. शहराचा युक्तिवाद पैशाचा होता. धूम्रपान करणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्यामागे १९८१ च्या दराने वर्षाला ४,६११ डॉलरपर्यंत अधिक खर्च येतो, असे शहराने मांडले. गंमत अशी की, एकदा नोकरी मिळाल्यानंतर त्याच कर्मचाऱ्याने पुन्हा सिगारेट ओढण्यास सुरुवात केली तरी या नियमाचा त्याला अडथळा नव्हता! फ्लॉरिडाच्या राज्यघटनेत खासगीपणाचा हक्क स्पष्ट शब्दांत नमूद आहे. तरीही १९९५ मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने शहराच्या बाजूने निकाल दिला. उपाहारगृहात आसन घेताना किंवा हॉटेलात खोली घेताना आपण धूम्रपान करतो की नाही हे मनुष्य सांगतोच. मग नोकरीच्या अर्जात ते सांगण्यात खासगीपणाचा भंग कसला, असे त्या न्यायालयाने म्हटले.

या दोन निकालांतील अंतर आपण ध्यानात घ्यावे. अग्निशामकाच्या बाबतीत फुप्फुसाचा कामाशी संबंध होता. टंकलेखिकेच्या बाबतीत संबंध होता तो केवळ मालकाच्या खर्चाशी. पहिल्या प्रकरणात कामाचे निकष माणसाला लावले गेले. दुसऱ्यात माणसाच्या आयुष्याचा हिशेब मांडला गेला.

हाच हिशेब पुढे कोठवर जातो याचे उदाहरण मिशिगन राज्यात दिसले. वेको या विमा-व्यवस्थापन कंपनीने २००५ मध्ये कर्मचाऱ्यांची तंबाखूसाठी चाचणी सुरू केली. घरी ओढलेली सिगारेटही त्या चाचणीतून सुटत नव्हती. चाचणीस नकार देणाऱ्या चार कर्मचाऱ्यांना नोकरी गमवावी लागली. मिशिगनमध्ये त्यांना संरक्षण देणारा कायदा नव्हता. पुढे २०१२ मध्ये टेक्सासमधील एका रुग्णालयाने ३५ पेक्षा अधिक बीएमआय असलेल्या उमेदवारांना नोकरी न देण्याचे धोरण घेतल्याचे उघड झाले. आज विडी, उद्या वजन, परवा रक्तातील साखर; खर्चाचा निकष एकदा मान्य केला की तो कोणत्याही एका व्यसनापाशी थांबत नाही.

राज्यांनी घातलेल्या मर्यादा

या वृत्तीला उत्तर म्हणून १९८९ पासून अमेरिकेतील एकेका राज्याने कायदे करण्यास प्रारंभ केला. आज २९ राज्ये आणि राजधानीचा कोलंबिया जिल्हा येथे या ना त्या स्वरूपाचे संरक्षण आहे. काही राज्यांचे कायदे केवळ तंबाखूपुरते आहेत. इलिनॉय, विस्कॉन्सिन यांसारख्या राज्यांत कामाच्या वेळेबाहेर कोणत्याही कायदेशीर वस्तूचे सेवन करणाऱ्यास संरक्षण आहे. कोलोरॅडो आणि न्यूयॉर्क येथील कायद्यांची व्याप्ती त्याहून मोठी आहे. कामाबाहेरील कायदेशीर वागणूकच तेथे बऱ्याच अंशी संरक्षित आहे. दोन-तीन झुरक्यांसाठी नोकरी गेली त्या ओक्लाहोमा राज्यानेही पुढे असा कायदा केला.

या कायद्यांचा इतिहास निर्मळ नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. त्यांच्या पाठीशी नागरी स्वातंत्र्याचा पुरस्कार करणाऱ्या संघटना होत्या, तशाच तंबाखू कंपन्याही होत्या. आपला गिऱ्हाईक बेकार होऊ नये ही कंपन्यांची चिंता होती; कामगाराविषयीचा कळवळा नव्हे. तथापि एखादे तत्त्व आपल्या शत्रूसही सोयीचे आहे एवढ्यावरून ते असत्य ठरत नाही. विषवैद्यकात आपण हेच शिकतो की, द्रव्य कोणाच्या हाती आहे यापेक्षा त्याचा योग कसा केला आहे हे पाहावे.

शिवाय हे कायदे मालकाचे हात पूर्णपणे बांधत नाहीत. कामाच्या जागेवर धूम्रपानास बंदी घालण्याचा मालकाचा अधिकार त्यांनी अबाधित ठेवला आहे. कामाच्या स्वरूपामुळे खरोखर आवश्यक असलेली अट अनेक राज्यांत घालता येते. तंबाखूविरोधी प्रचार हेच ज्यांचे मुख्य कार्य आहे अशा ना-नफा संस्थांना इलिनॉयसारख्या राज्यांत सूट आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये तर १९८८ पासून नव्याने भरती होणाऱ्या पोलिसांना व अग्निशामकांना कामावर वा कामाबाहेर तंबाखू ओढण्यास कायद्यानेच मनाई आहे. म्हणजे मर्यादा अशी आखली गेली : कामाची जागा आणि कामाची गरज मालकाच्या कक्षेत, घर आणि उरलेला दिवस कामगाराच्या कक्षेत.

आरोग्यसंस्थांचे काय, हा प्रश्न आपल्या वाचकांच्या मनात येईल. जागतिक आरोग्य संघटनेने १ डिसेंबर २००५ पासून धूम्रपान करणाऱ्यांना नोकरीत न घेण्याचे धोरण स्वीकारले. त्याचा दाखला अनेकदा दिला जातो. पण त्या धोरणात उमेदवारास दोन प्रश्न होते. आपण तंबाखू सेवन करता काय, हा पहिला. आणि नोकरी मिळाल्यास ते चालू ठेवाल काय, हा दुसरा. दोन्हींचे उत्तर 'होय' असेल तरच अर्ज बाजूला ठेवला जाई. सोडू इच्छिणाऱ्यास दार उघडे होते. ओहायो राज्यातील क्लीव्हलँड क्लिनिकने २००७ मध्ये नव्या उमेदवारांची निकोटिन चाचणी सुरू केली. तेथेही चाचणीत आढळलेल्या उमेदवारास व्यसनमुक्तीचे विनामूल्य साहाय्य आणि ९० दिवसांनी पुन्हा अर्ज करण्याची मुभा होती. आपल्या जाहिरातीतील 'निर्व्यसनी' या शब्दात असा दुसरा प्रश्न नाही, साहाय्य नाही आणि ९० दिवसही नाहीत.

आपल्याकडील कायदा

भारतात या विषयावर स्वतंत्र कायदा नाही. खासगी मालकाने धूम्रपानाच्या कारणावरून उमेदवार नाकारला तर त्याला थेट रोखणारे कलम नाही. सरकारी नोकरीच्या बाबतीत राज्यघटनेच्या १६ व्या अनुच्छेदात धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान व निवास या कारणांवरून भेदभावास मनाई आहे; सवयींचा तेथे उल्लेख नाही. राजस्थान सरकारने २०१२ मध्ये नव्याने सरकारी सेवेत येणाऱ्यांकडून धूम्रपान व गुटखा न करण्याचे हमीपत्र घेण्याचा निर्णय केला. झारखंड सरकारने डिसेंबर २०२० मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांनी तंबाखू सेवन न करण्याचे शपथपत्र द्यावे असा आदेश काढला. त्याची अंमलबजावणी १ एप्रिल २०२१ पासून ठरविली होती. हेतू चांगला असेल. पण शपथपत्राने तलफ जात नाही, एवढे आपण वैद्य तरी जाणतो. तलफ राहते आणि वर खोटेपणा येतो.

याउलट जेथे आपल्या कायद्याने धूम्रपानावर बंधन घातले, तेथील आधार निराळा आहे. मुंबईचे मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानावर निर्बंध घातले, ते न ओढणाऱ्याच्या जीविताच्या हक्कासाठी. पुढे २००३ चा तंबाखू नियंत्रण कायदा झाला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झालेल्या नियमांनी कामाच्या जागाही सार्वजनिक ठिकाणांत स्पष्टपणे आल्या. त्या नियमांनुसार आपल्या दवाखान्यात, दुकानात व फार्मसीत फलक लावणे आणि कोणी धूम्रपान करणार नाही हे पाहणे ही आपली जबाबदारी आहे. दुर्लक्ष केल्यास दंड आपणांसही होतो. दुसऱ्याला होणारी इजा हा या सर्व बंधनांचा पाया आहे. ओढणाऱ्याचे चारित्र्य हा नव्हे.

आणखी एक कायदा या संदर्भात आठवतो. २०१७ च्या एचआयव्ही व एड्स विषयक कायद्याने त्या कारणावरून नोकरी नाकारण्यास आणि नोकरीची पूर्वअट म्हणून ती चाचणी करण्यास मनाई केली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. विडी ओढणे आणि विषाणूची बाधा होणे या एक गोष्टी नव्हेत, हे उघड आहे. पण शरीरात काय सापडते यावरून भाकरीचा निर्णय करू नये, ही दिशा आपल्या कायद्याने एकदा दाखविली आहे.

कायदा आपल्या हाताला धरत नाही म्हणून हात कोठेही जाऊ द्यावा काय? आमचे नम्र मत असे की, जेथे कायदा मोकळीक देतो तेथेच व्यवसायाची नीती सुरू होते. अमेरिकेतील कायदे उचलून आपल्याकडे आणावेत असे आमचे म्हणणे नाही. त्या कायद्यांतील मर्यादा आपण आपल्या मनाने स्वीकारावी, एवढेच म्हणणे आहे.

शास्त्र काय सांगते

या मर्यादेसाठी आपणांस परदेशी न्यायालयाकडे पाहण्याचेही फारसे कारण नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, नवेगान्धारणीय अध्यायात, अभ्यासाने अंगवळणी पडलेले अहित एकदम न सोडता क्रमाक्रमाने, पादांशाने सोडावे असा उपदेश आहे. वाग्भटानेही अष्टांगहृदयात तोच क्रम सांगितला आणि एकाएकी केलेल्या त्यागाने विकार उद्भवतात असा इशारा दिला. अहित वस्तूसुद्धा दीर्घ अभ्यासाने ओकसात्म्य होते, हे आपण विद्यार्थ्यांना शिकवितो. ज्या शास्त्राने व्यसनाकडे इतक्या धीराने पाहिले, त्याच्या अनुयायांनी मुलाखतीच्या पाच मिनिटांत त्याचा निकाल लावावा, हे विसंगत आहे.

तंबाखू हा आपल्या संहितांचा विषयच नव्हता. तो पोर्तुगीजांच्या मागोमाग या देशात आला. चरकाने सांगितलेले प्रायोगिक, स्नैहिक व वैरेचनिक धूमपान ही औषधी द्रव्यांची चिकित्सा आहे. विडीचे समर्थन करण्यासाठी त्याचा दाखला कोणी देत असेल तर तो शास्त्राचा विपर्यास होय. तंबाखू विष आहे याविषयी आमच्या मनात तिळमात्र संदेह नाही. संदेह आहे तो विष घेणाऱ्यास वाळीत टाकण्याच्या उपायाविषयी.

येथे एक आक्षेप निश्चित येईल. चिकित्साचतुष्पादात परिचारकाचे गुण सांगताना शौच हा गुण सांगितला आहे. मग विडी ओढणारा परिचारक शुचि कसा? आक्षेप विचारात घेण्यासारखा आहे. परंतु त्याच ठिकाणी दाक्ष्य, अनुराग आणि उपचारांचे ज्ञान हेही गुण सांगितले आहेत, आणि हे सर्व गुण रुग्णाच्या संदर्भातले आहेत. रुग्णाजवळ येताना परिचारक शुचि असावा. त्याचे हात, मुख, वस्त्र स्वच्छ असावे. श्वासाच्या रुग्णाला किंवा गर्भिणीला अभ्यंग करणाऱ्याच्या हाताला विडीचा वास येणे आम्हांसही असह्य वाटते. ही अट आपण घालावीच. पण ती रुग्णाजवळच्या अवस्थेची अट आहे. रात्री तो आपल्या अंगणात काय करतो याची नव्हे.

दुसरा आक्षेप आदर्शाचा. वैद्याच्या दुकानातील माणूसच टपरीवर दिसला तर लोक काय म्हणतील? लोक म्हणतील हे खरे. पण प्रज्ञापराध हा एकट्या विडीत नसतो. अध्यशन, रात्रौ जागरण, वेगधारण, क्रोध यांची यादी काढून आपण आपलीच निवड करू लागलो तर आपल्यापैकी कितीजण आपल्याच दवाखान्यात नोकरीस लागतील? दुपारी जेवणाची वेळ टाळून सायंकाळपर्यंत रुग्ण तपासणारा वैद्य रुग्णांना पथ्य सांगतो आणि लोक ते ऐकतात. कारण आदर्शापेक्षा ते आपल्या आस्थेवर विश्वास ठेवतात.

तिसरी गोष्ट आकड्यांची. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार भारतातील २८.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करीत होते. महाराष्ट्रात हे प्रमाण २६.६ टक्के होते. त्यांपैकी धूम्रपान करणारे प्रौढांच्या ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के. याचा अर्थ असा की, आपल्या राज्यात तंबाखू मुख्यतः मळली, चघळली आणि मिश्री म्हणून दातांना लावली जाते. विडीचा वास हुंगून उमेदवार नाकारणारा मालक प्रत्यक्षात वासाला नोकरी नाकारतो, व्यसनाला नव्हे. मिश्री लावणाऱ्या बाईने औषधे निवडली, पाखडली तरी त्याला चालते. आणि मिश्रीसुद्धा नियमात बसवायची ठरविली, तर ग्रामीण भागातील किती घरांच्या चुली आपण बंद करणार आहोत याचा विचार करावा लागेल. तंबाखूचा विळखा कष्टकऱ्यांनाच अधिक आहे. म्हणून हा नियम कागदावर सर्वांना सारखा दिसला तरी त्याचा घाव खालच्या पायरीवरच बसतो.

चाचणीविषयीही एक शब्द. मूत्रातील वा रक्तातील कोटिनिन मोजून तंबाखूचे सेवन ओळखता येते, आणि अशी चाचणी आज लहान शहरांतही करता येते. परंतु तंबाखू सोडण्यासाठी निकोटिनची गोळी चघळणाऱ्याच्या शरीरातही कोटिनिन सापडते. म्हणजे जो सोडण्याच्या वाटेवर आहे तोच सापळ्यात सापडतो. आणि ज्याने दोन-चार दिवस कळ काढली तो निर्व्यसनी ठरतो!

आपण काय करावे

फार्मसी चालविणाऱ्यांवर औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीतील 'टी' परिशिष्टाची बंधने आहेत. कामगार संसर्गजन्य रोगांपासून मुक्त असावेत, त्यांचा गणवेश स्वच्छ असावा, हात धुण्याची सोय असावी, नोकरीच्या आरंभी व पुढे वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी व्हावी, हे सर्व त्यात आहे आणि ते योग्यच आहे. ही तपासणी पुष्कळ ठिकाणी मालक-वैद्य स्वतःच करतो. येथे फार जपावे लागते. नाडी पाहताना कामगाराने विश्वासाने सांगितलेली सवय मालक या नात्याने त्याच्याविरुद्ध वापरणे हा वैद्यकीय गुप्ततेचा भंग आहे. एकाच खुर्चीवर बसणारी ही दोन माणसे आपण मनाने तरी वेगळी ठेवली पाहिजेत. शक्य असल्यास ही तपासणी दुसऱ्या वैद्याकडून करून घ्यावी.

आमच्या सूचना थोड्या आणि साध्या आहेत. दवाखाना, दुकान, गोदाम, भट्टी आणि संस्थेचे वाहन येथे कामाच्या वेळेत तंबाखूला कोणत्याही रूपात मज्जाव असावा. तो लेखी असावा, मराठीत असावा आणि नोकरी देतानाच वाचून दाखवावा. वाळलेल्या वनस्पती, राळ, कापूर, गुग्गुळ यांच्या गोदामात विडीची एक ठिणगी काय करील हे सांगावयास नको. हा नियम मालकालाही लागू असावा. पानाचा डबा टेबलावर ठेवून कामगाराची तंबाखूची पुडी जप्त करू नये. ज्या कामास गंध व रस यांची पारख लागते किंवा रुग्णाच्या अंगाशी निकट संबंध येतो, तेथे कामावर येताना हात, मुख व वस्त्र निर्गंध असावे अशी अट स्पष्ट घालावी. ती जो पाळू शकत नाही त्याला ते काम नाकारण्याचा मालकाला पूर्ण अधिकार आहे. घरातील सवयीबद्दल मात्र अर्जात प्रश्न नसावा, निकोटिनची चाचणी नसावी आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे चौकशी तर मुळीच नसावी.

याउपर जो सोडू इच्छितो त्याला आपण हात द्यावा. पादांशक्रम, औषधे, मुखात धरावयास लवंग, वेलची वा बडीशेप, आणि तलफेच्या वेळी दोन शब्द बोलणारे माणूस. यांतील कोणतीही गोष्ट आपल्या आवाक्याबाहेरची नाही. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकाची पाटी कामगारांच्या खोलीत लावण्यास काही खर्च येत नाही. त्याचा पाय एकदा घसरला म्हणून त्याचा हात सोडू नये. आपण रुग्णाचा सोडत नाही.

आमच्या संघटनेच्या सभासदांनी आपापल्या जाहिराती एकदा काढून पाहाव्यात, अशी विनंती आहे. 'निर्व्यसनी पाहिजे' या दोन शब्दांच्या जागी 'कामाच्या जागी तंबाखूबंदीचा नियम पाळणारा पाहिजे' असे लिहिता येईल. शब्द वाढतील, जाहिरातीचा खर्चही किंचित वाढेल. पण त्यामुळे वनस्पती ओळखणारे दोन हात आपल्या दारातून परत जाणार नाहीत.

त्या गृहस्थाचे पुढे काय झाले, असे वाचक विचारतील. विडी सुटण्यास त्याला आठ महिने लागले आणि मध्ये दोनदा ती पुन्हा धरली गेली. आम्ही त्याला चूर्ण विभागात घेतले ते तिसऱ्या महिन्यात, विडी सुटण्याची वाट न पाहता. अशोकाची साल आमच्याकडे आज तोच निवडतो.